फेस चालू असताना

‘आत्ता नको. फेस चालू आहे.’

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हा आवाज ऐकला. सासूबाईंचा. आत साहेब सह्या करत बसलेत आणि दाराशी उभ्या शिपायाने आलेल्या माणसाला हातानेच थोपवावं, तसा दबका, अदबीचा आवाज. बाबांच्या चहात साखर किती घालायची, एवढंच विचारायला मी गेले होते. तो प्रश्न तेव्हा तहकूब झाला. (अजूनही निकाली निघालेला नाही. मी अंदाजाने अर्धा चमचा घालते. तक्रार आलेली नाही.)

प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या राज्यघटनेनुसार चालतं, ही गोष्ट गांभीर्याने मान्य केली पाहिजे. काही घरांची घटना थोरल्या माणसाच्या कपाळावरच्या आठीत असते, काहींची टीव्हीच्या रिमोटमध्ये. आमच्या घराची घटना कान तुटलेल्या एका पांढऱ्या मगात आहे आणि ती रोज सकाळी नव्याने घोटली जाते.

बाबा, म्हणजे माझे सासरे, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारातले तराजू तपासायचे, खरा असेल त्यावर ठसा मारायचा, खोटा असेल तो जप्त करायचा, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं काम. अशा माणसाला बोलायची सवय राहत नाही. ठसा मारला की म्हणणं संपतं. घरी मात्र ठसा आणायची परवानगी नसल्यामुळे (खात्याचा नियम) बाबांच्या मनात काय आहे, हे कळायची पंचाईत होती. ती पंचाईत आमच्या घराने ज्या हुशारीने सोडवली, तिचा अभ्यास इतर घरांनीही करावा, म्हणून हे लिहिते आहे.

आधी साधनं. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामधल्या बोळात बेसिन आहे. त्यावर आरसा आणि आरशाखाली फळी. फळीवर मग. मगाच्या तळाला बसवलेली साबणाची गोल वडी. लाकडी मुठीचा, राठ केसांचा दाढीचा ब्रश. रेझर. रेझरच्या खाचेत अडकलेले केस झाडायला आणखी एक ब्रश, बारीक, लांब दांड्याचा. त्या कामाला तो जरा जास्तच नाजूक आहे, पण निरीक्षकाच्या साधनांना सुनेने नावं ठेवू नयेत.

आता कृती. ब्रश आधी कोमट पाण्यात भिजत घालायचा. वडीवरही चमचाभर पाणी सोडायचं आणि दोघांना आपापल्या ठिकाणी मुरू द्यायचं. मग ब्रश झटकायचा, पण कोरडा करायचा नाही. ओला असावा, गळू नये. वडीवर गोल गोल घोटायला लागलं की आधी जो येतो तो फेस नव्हे. ते नुसते बुडबुडे. मोठे, चकचकीत, आवाजाचे. नवखा माणूस यांनाच भुलतो आणि गालाला फासून मोकळा होतो. (समाजातल्या कितीतरी चळवळी याच टप्प्यावर आरशासमोर उभ्या आहेत.) जाणता माणूस इथून सुरुवात करतो. बोटाच्या टोकावरून एक थेंब सोडायचा आणि घोटायचं. पुन्हा थेंब, पुन्हा घोटायचं. बुडबुडे बारीक होत जातात, मग दिसेनासे होतात. फेसावर सायीसारखी झळाळी येते. ब्रश उचलला की टोक उभं राहतं आणि नव्या सुनेसारखं किंचित लवतं. आणि मुख्य म्हणजे आवाज थांबतो. आधी खरखर असते, मग चपचप, मग काहीच नाही. चांगल्या फेसाचा आवाज होत नाही. शेवटी बाबा मग उलटा धरतात. फेस पडत नाही. तेव्हा कुठे तो चेहऱ्याला लावायच्या लायकीचा झाला, असं समजतात.

लावतानाही रीत आहे. आधी गोल गोल, म्हणजे केस उभे राहतात. मग रंगाऱ्यासारखे सरळ हात, वरून खाली, खालून वर. गाल, ओठांची वरची बाजू, हनुवटी, हनुवटीखाली. आणि मग ब्रश हातात धरून थोडा वेळ नुसतं उभं राहायचं. फेसाला त्याचं काम करू द्यायचं. चेहरा ढगात गेलेला असतो, नुसते डोळे बाहेर. नळाचं पाणी ठिबकतं, खिडकीतून ऊन येतं, आरशाच्या कोपऱ्यावर बसतं.

या थोड्या वेळात आमचं घर चालतं.

हे कसं, ते पायरीपायरीने सांगते, कारण यात कुठेही तर्काची चूक नाही. बाबांना काही विचारायचं तर केव्हा विचारायचं? फेस घोटत असताना विचारलं तर हात थांबतो आणि फेस बसतो. रेझर चालू असताना विचारलं तर रक्त येतं. दाढी झाली की ते चहा पितात, तेव्हा माणसाला निवांतपणा हवा. चहानंतर पेपर. पेपरानंतर डोळ्यांना विश्रांती. दुपारी वामकुक्षी. संध्याकाळी फिरणं. जेवताना अवघड विषय काढले की पित्त होतं. रात्री काही विचारावं तर झोप उडते. म्हणजे उरली फक्त एक वेळ: फेस लावून झालाय आणि रेझर अजून उचललेला नाही, ती. त्या वेळी बाबा मोकळे असतात, जागेवर असतात, कान उघडे असतात. फक्त तोंड उघडता येत नाही, कारण उघडलं तर साबण आत जातो. एवढी एक किरकोळ अडचण सोडली तर सल्लामसलतीला याहून चांगली वेळ सापडणार नाही.

तर रीत अशी पडली. ज्याला विचारायचं असेल त्याने बोळात यायचं, बेसिनपासून दोन हात अंतरावर उभं राहायचं, नळाकडे बघून आपलं म्हणणं मांडायचं आणि शेवटी ‘एवढंच’ म्हणून निघून जायचं. आई, म्हणजे सासूबाई, टॉवेल घेऊन बोळाच्या तोंडाशी उभ्या असतात. त्यांचं लक्ष ब्रशवर असतं. ब्रशाचा अर्थ लावण्याचा अधिकार एकट्या त्यांचा, आणि सगळ्या घराला तो पाठ:

ब्रश गालावर गोल फिरला, तर विचार चालू आहे.

ब्रश वरखाली गेला, तर हरकत नाही.

ब्रश लगेच पाण्यात गेला, तर हा विषय पुन्हा काढू नये.

ब्रश हनुवटीखाली गेला, आणि तोही दोनदा, तर नको. ठाम नको.

थोडा फेस जमिनीवर पडला, तर होकार आहे, पण खर्च आवरा.

निर्णयावर निर्णय देणाऱ्यासमोर चर्चा करायची नाही, हा शिष्टाचार. त्यामुळे बाबा तोंड धुऊन बाहेर येईपर्यंत सगळे पांगलेले असतात आणि अंमलबजावणी सुरू झालेली असते. या पद्धतीची कार्यक्षमता वादातीत आहे. माझ्या ढोबळ पाहणीनुसार घरातल्या महत्त्वाच्या निर्णयांपैकी तीन चतुर्थांश बेसिनपाशी झाले, उरलेले आपोआप झाले. भांडणाचं प्रमाण शून्य. फेरविचाराचे अर्ज शून्य. बाबांचा आवाज मात्र घरात इतका कमी ऐकू येतो, की एकदा फोनवर ते स्वतः ‘हॅलो’ म्हणाले तर पलीकडून त्यांच्या सख्ख्या भावाने ‘घरात कुणी मोठं आहे का?’ असं विचारलं.

पूर्वीचे काही निवाडे सांगते, म्हणजे व्यवस्थेचा आवाका लक्षात येईल.

मांजर पाळायचं का? ब्रश वरखाली गेला. मांजर आलं. बाबांना मांजराच्या केसांनी शिंका येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्यांच्या मनाच्या मोठेपणाचं फार कौतुक झालं. बाबा शिंकत शिंकत मांजराला दूध घालतात.

माझ्या लग्नाचा प्रश्न. माझा फोटो आरशाच्या कडेला खोचण्यात आला. ब्रश गोल फिरत राहिला, आणि फेसाचा एक थेंब उडून फोटोतल्या माझ्या गालावर बसला. आईंनी तो आशीर्वाद ठरवला. तो डाग अजून आहे. पाहुणे फोटो बघतात आणि मला विचारतात, ‘कातडीचं काही औषध घेतेस का?’

यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शिक्षण. ह्यांना चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. मिसरूड फुटायच्या वयात हे नळाकडे बघून तसं बोलले. ब्रश हनुवटीखाली गेला. दोनदा. आज हे विमा कचेरीत आगीच्या दाव्यांचे तक्ते करतात आणि तक्त्याच्या समासात, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, मांजरं काढतात.

आणि माझी नणंद. हिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण लहानपणी ही एका जागी बसत नसे. वारा सुटला की गच्चीवर, वारा पडला की वारा कुठे गेला म्हणून दारात. शिक्षण झाल्यावर तिला डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात निरीक्षकाची जागा मिळत होती. तिने विचारलं. ब्रश हनुवटीखाली गेला, दोनदा. आईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, ‘नको म्हणतायत गं.’ तेव्हापासून भिंगरी शहराच्या दप्तरखान्यात बसते. तिथे खिडक्या उघडत नाहीत, कागद उडतात म्हणून.

मध्यंतरी त्याच केंद्रातून तिला पुन्हा बोलावणं आलं. वयाची अट आहे, पुढच्या वर्षी ती त्यात बसणार नाही. म्हणजे ही शेवटचीच संधी. बाबांना विचारायच्या आदल्या संध्याकाळी भिंगरी स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली.

‘वहिनी, उद्या विचारते.’

‘विचार ना.’

‘ब्रश कसा फिरतो बघायचं.’

‘आणि पुन्हा खाली गेला तर?’

‘तर काय. दप्तरखाना आहेच.’ ती हसली. ‘तिथे कुठे वारा आहे आपल्याला उडवून न्यायला.’

मी डब्याकडे वळले. मला पीठ काढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरावर जे संकट आलं, तसं या घराच्या इतिहासात कधी आलं नव्हतं. दाढीचा ब्रश जागेवर नव्हता.

आईंनी फळी पाहिली, बेसिनखाली पाहिलं, मांजराच्या टोपलीत पाहिलं. यांनी कपाटाच्या मागे टॉर्च मारला. मी शेगडीपाशी उभी राहून काळजी व्यक्त करत होते. बाबा बनियन घालून आरशासमोर उभे होते. हातात मग, मगात कोमट पाणी, आणि चेहऱ्यावर ज्याच्या समोरचा काटाच कुणी उचलून नेलाय अशा निरीक्षकाची शांतता.

‘राहू द्या आज दाढी,’ आई म्हणाल्या.

बाबांनी मान हलवली. राहू देणं त्यांच्या स्वभावात नाही.

तेव्हा यांना आठवलं, की आपल्या प्रवासाच्या बॅगेत फेसाचा डबा आहे. बटण दाबलं की तयार फेस बाहेर येतो. भिजवायचं नाही, घोटायचं नाही. ह्यांनी तो आणून फळीवर ठेवला. बाबांनी बटण दाबलं. फुर्र असा आवाज झाला आणि तळहातावर पांढरा ढीग येऊन बसला. बाबा त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. खोटं वजन समोर आल्यावर ते असेच बघत असणार. मग त्यांनी तो ढीग उलटा धरला. तो बेसिनमध्ये पडला.

‘हं,’ बाबा म्हणाले. पुन्हा बटण दाबलं, ढीग गालाला फासला आणि तो बसायच्या आत रेझर फिरवून मोकळे झाले.

इथे व्यवस्थेचा एक मूलभूत दोष उघड झाला, तो नमूद करते. ज्या प्रक्रियेला रोज इतका वेळ लागतो, की तेवढ्यात कणीक भिजते, भाजी निवडून होते आणि शेजारणीचा निरोप घेऊन होतो, ती त्या दिवशी दूध उतू जायच्या आत संपली. पण घरातली माणसं जुन्या घड्याळावर चालत होती. भिंगरी तिच्या नेहमीच्या वेळेला, खांद्यावर टॉवेल टाकून, नजर खाली, बोळात आली तेव्हा बाबा तोंड धुऊन, पुसून, कोरडे होऊन उभे होते.

रिवाजाप्रमाणे तिने नळाकडे पाहिलं.

‘बाबा, डोंगरावरच्या केंद्रातून पुन्हा बोलावणं आलंय. दोन वर्षं राहावं लागेल. वारा, पाऊस, तापमान, सगळ्याची दिवसरात्र नोंद. राहायला खोली आहे. मला जायचंय. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. एवढंच.’

आणि ती वळली.

‘थांब,’ बाबा म्हणाले.

भिंगरी थांबली. आई थांबल्या. हे कपाटामागून टॉर्च घेऊन बाहेर आले, टॉर्च चालूच. मी गॅस बंद केला. बेसिनचा नळ स्वतः बोलला असता तरी आम्ही एवढे दचकलो नसतो.

‘वारा मोजायचं यंत्र आहे ना तिथे,’ बाबा म्हणाले, ‘ते शेवटचं कधी तपासलंय?’

‘ते... माहीत नाही, बाबा.’

‘गेल्या गेल्या विचार. चुकीच्या काट्यावर रोज नेमाने नोंद करायची, त्यापेक्षा न केलेली बरी.’

भिंगरीने पहिल्यांदाच नळावरून नजर उचलली. ‘म्हणजे मी जाऊ?’

‘न जाता कसं विचारशील?’

बोळात शांतता. फेस नसतानाही चांगल्या फेसासारखी शांतता.

‘पण मागच्या वेळी तुम्ही नको म्हणाला होतात.’

‘मी?’ बाबांनी आठवायचा प्रयत्न केला. ‘काय म्हणालो होतो?’

‘म्हणजे म्हणाला नव्हतात. ब्रश हनुवटीखाली गेला होता. दोनदा.’

बाबांनी आरशाकडे तोंड केलं, हनुवटी वर केली आणि गळ्यावरून बोट खालून वर फिरवलं, मग वरून खाली.

‘इथे माझे केस उलटे उगवतात,’ ते म्हणाले. ‘इथे दोनदा लावावाच लागतो. रोज.’

न्यायदानाच्या कुठल्याही परंपरेत इतका मोठा निवाडा इतक्या थोड्या शब्दांत फिरवला गेला नसेल. बोळाच्या त्या टोकाला आई हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा तीच घडी घालत होत्या.

‘म्हणजे बाबा,’ ह्यांचा आवाज जरा वेगळा लागला, ‘माझ्या चित्रकलेच्या वेळी पण...?’

बाबांनी फळीवरचा तो बारीक, लांब दांड्याचा ब्रश उचलला, नळाखाली धरला, अंगठ्याने त्याचे केस पुढे ओढून टोक काढलं आणि ह्यांच्या हातात दिला.

‘रेझर झाडायला जुना टूथब्रश चालतो,’ ते म्हणाले. ‘हा त्यासाठी आणला नव्हता. तू विचारलंस त्याच दिवशी आणला. घेऊन घरी आलो तर तू हिशेबाची पुस्तकं मांडून बसलेला. म्हटलं, ठरलंय याचं. मग इथे ठेवला. फुकट कशाला जायला हवा.’

‘पण मग तुम्ही बोलला का नाहीत?’ भिंगरीने विचारलं.

‘तुम्ही यायचात, बोलायचात, जायचात. मी तोंड धुऊन बाहेर येईपर्यंत सगळं झालेलं असायचं. मला वाटायचं, तुम्ही मला कळवायला येता.’

हे बराच वेळ तो ब्रश हातात धरून उभे होते. मग ह्यांनी ओल्या टोकाने आरशावर एक रेघ ओढली. पाठ वाकवून बसलेल्या मांजराची पाठ असावी. ती वाळून जाईपर्यंत आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. आरशात आमचेच चेहरे होते, मधून मांजर गेलेले.

‘माझीच वाचण्यात चूक झाली,’ आई म्हणाल्या. ‘मला वाटलं, हनुवटीखाली म्हणजे नको.’ आणि टॉवेल खुंटीला लावून त्या आत गेल्या.

दाढीचा ब्रश दुपारी पिठाच्या डब्यामागे सापडला. तो तिथपर्यंत कसा गेला, याची चौकशी झाली. मांजरावर ठपका ठेवण्यात आला आणि मांजराने नेहमीप्रमाणे खुलासा दिला नाही. (मी त्याला थोडं दूध जास्त घातलं.)

शुक्रवारच्या आत भिंगरीने होकार कळवला आणि सामान बांधायला घेतलं. घरात इतका वारा कुणी आत सोडला होता, कळेना. खिडक्या उघड्या, कपाटं उघडी, गादीवर लोकरीचे कपडे. बाबांनी आपल्या जुन्या पेटीतलं एक छोटं प्रमाणित वजन कापडात गुंडाळून तिच्या बॅगेत ठेवलं. वारा मोजायला त्याचा उपयोग शून्य. पण एक तरी गोष्ट खात्रीची जवळ असावी, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं त्यांनी तोंडाने मांडलं, तेही भरल्या ताटावर, आणि कुणाला पित्त झालं नाही.

भिंगरी गेली. गाडी हलताना तिने खिडकीतून हात बाहेर काढून ओलं बोट वर धरलं, वारा कुठून येतोय ते बघायला. आई त्या बोटाकडे बघत राहिल्या, गाडी वळून गेली तरी.

एवढं सगळं झाल्यावर जुनी व्यवस्था मोडीत निघाली असेल, असं कुणालाही वाटेल. पण संस्था इतक्या सहज मरत नाहीत. पुढच्याच आठवड्यात ह्यांनी नळाकडे बघून विचारलं, की आठवड्यातून एक संध्याकाळ चित्रकलेच्या वर्गाला जाऊ का, आणि ‘एवढंच’ म्हणून निघून गेले. सवय. बाबांना तोंडाला फेस असताना ओल्या पायांनी त्यांच्या मागे मधल्या खोलीपर्यंत जाऊन, मान जोरात वरखाली हलवून होकार द्यावा लागला. वाटेवर फेसाचे ठिपके पडले. ते मी पुसले. खर्च आवरा, असा त्यांचा अर्थ लावायचा मोह मी आवरला.

आता हे वाचणाऱ्यांपैकी काही जण मनातल्या मनात म्हणत असतील, काय माणसं आहेत ही. जरूर म्हणावं. फक्त एकदा आठवून पाहावं, आपल्या घरातला शेवटचा अवघड प्रश्न आपण केव्हा विचारला. समोरचा चपलेत पाय घालत होता तेव्हा? त्याच्या कानाला फोन होता तेव्हा? तिच्या तोंडात पिना होत्या आणि दोन्ही हात केसांत होते तेव्हा? आणि ‘काही बोलली नाही, म्हणजे चालेल तिला’ असं स्वतःला सांगून आपण जिना उतरलो, तेव्हा पाय किती हलके पडत होते. फेस त्यांच्या तोंडाला होता हे खरं. वेळ मात्र आपण निवडली होती. गप्प माणसाचा कौल आपल्याला हवा तसा वाचता येतो, ही सोय बोलणाऱ्या माणसाकडे नसते.

मी हे आईंना उद्देशून म्हणत नाही. आईंचं मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

परवा सकाळी मी शेगडीपाशी होते. बोळातून आधी खरखर ऐकू आली, मग चपचप, मग काहीच नाही. बाबांनी मग उलटा धरला असणार. मी वाकून पाहिलं. चेहरा ढगात, आरशाच्या कोपऱ्यावर ऊन. आई टॉवेल घेऊन उभ्या होत्या, पण बोळाच्या तोंडाशी नव्हे. बेसिनपासून दोन हातांवर. आयुष्यभर इतरांना जिथे उभं केलं, तिथे. त्या नळाकडे बघत होत्या.

‘अहो, त्या वेळचं,’ आई म्हणाल्या, ‘भिंगरीचं. ती वाचण्यातली चूक नव्हती. एवढंच.’

आणि त्या वळल्या.

बाबांनी आईंच्या हातातला टॉवेल धरला. टॉवेलाबरोबर आईही थांबल्या. मग बाबांनी तो ओढून घेतला आणि गालावरचा, ओठांवरचा, हनुवटीखालचा सगळा फेस पुसून काढला. इतका जमलेला फेस त्यांनी कधी वाया घालवलेला मी पाहिला नव्हता. पुसून झाल्यावर त्यांचा चेहरा लाल, ओला आणि अर्धवट वाढलेल्या दाढीचा होता, आणि मोकळा.

‘अगं, आता सांग,’ ते म्हणाले. ‘मी इथेच आहे.’

नळ ठिबकत होता. आईंनी हात पुढे करून तो नीट बंद केला. मग नळाकडे नाही, आरशाकडे नाही, सरळ बाबांकडे बघितलं.

‘तुमचा ब्रश त्या दिवशी कसाही फिरला असता ना,’ आई म्हणाल्या, ‘तरी मी तिला नकोच सांगितलं असतं. मला ती घरात हवी होती.’